कुठवर आलो

घोडपदेवच्या रात्रशाळेत
घंटा साडेसहाला होते, वर्ग भरतो सव्वासातला.
दिवसा ही शाळा दुसऱ्याच मुलांची.
भिंतीवर त्यांची फुलपाखरं, त्यांचे पाढे,
बाकही त्यांच्याच मापाचे.
आमच्यांचे गुडघे अडतात.

दुसऱ्या बाकावर सिद्राम कोळगे.
दारूखान्यात जुनी जहाजं कापतो.
अंगाला जळक्या लोखंडाचा वास,
शर्टाला ठिणग्यांची बारीक भोकं.
फळ्यावर तारीख लिहून मी वळेपर्यंत
त्याची मान खाली गेलेली.

पहिल्या वर्षी मी खडू फेकून मारला होता.
कानावर बसला.
तो ताडकन उभा राहिला, डोळे मिटलेलेच,
आणि म्हणाला, "आलो शेठ."
वर्ग हसला.
मीही हसले.
हे कुणाला सांगितलं नव्हतं आजवर.

खातू सर शेजारच्या वर्गात बीजगणित शिकवायचे.
मधली भिंत पत्र्याची, सगळं ऐकू जायचं.
त्या रात्री बस स्टॉपपर्यंत काही बोलले नाहीत.
खिशातले चणे माझ्या हातावर ठेवले,
मग बस येताना दिसल्यावर म्हणाले,
"तीन जिने चढून झोपायला कोण येतं, बाई?
तो शिकायलाच येतो.
झोप त्याच्याआधी बाकावर पोचते, एवढंच."

तेव्हापासून मी आवाज उतरवला.
खडू तिरका धरायला शिकले, म्हणजे किंचाळत नाही.
पहिल्या अर्ध्या तासातलं
शेवटच्या दहा मिनिटांत पुन्हा सांगते,
जणू मलाच आठवत नाही.
साडेआठच्या सुमाराला तो जागा होतो,
बाहीनं तोंड पुसतो
आणि दरवेळी तेच विचारतो,
"बाई, कुठवर आलो?"
आलो म्हणतो. आलात नाही.

पुढच्या बाकावरच्या आयरे मावशी
केईएममध्ये आया आहेत, वय त्रेचाळीस.
वहीत कार्बन घालून लिहितात.
वरची प्रत त्यांची, खालची निळी सिद्रामची.
एकदा मी म्हटलं, फोटो काढून पाठवा की मोबाइलवर.
म्हणाल्या, "त्याचा मोबाइल खोलीतल्या पाचांचा आहे."

तपासणीला साहेब आले होते.
झोपलेल्या सिद्रामकडे बोट करून विचारलं,
"हा हजर कसा?"
मी म्हटलं, "आहे ना."
त्यावर त्यांनी जो शेरा लिहिला
तो माझ्या फायलीत आहे, लाल शाईत.
असू दे.

गणितात पहिल्यांदा अठ्ठावीस.
दुसऱ्यांदा सव्वीस.
गुणपत्रिका घेताना हसला,
"बाई, उलटा चाललोय."
मला उत्तर सुचलं नाही.
खातू सर निवृत्त झालेत, तरी गुरुवारी येतात,
जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत,
दोन पायांवर आणि एका छत्रीवर.
त्याच्या शेजारी बसून एकच गणित
चार वेगळ्या कागदांवर मांडतात.
चौथ्या कागदावर कधी कधी जमतं.

यंदा जानेवारीत आई आजारी होती.
अकरा रात्री मी तिच्या खाटेखाली चटईवर काढल्या.
बाराव्या दिवशी वर्गात
हजेरी घेता घेता टेबलावर डोकं टेकलं,
क्षणभरच, असं मला वाटलं.

जाग आली तेव्हा पावणेनऊ झाले होते.
माझ्या डोक्यावरचा खडखडणारा पंखा कुणीतरी बंद केला होता.
फळ्यापाशी सिद्राम,
खडू तिरका धरून,
अगदी खालच्या आवाजात
कालचं वर्गसमीकरण सोडवत होता.
बावीस जण वाकून लिहीत होते.
तिसऱ्या पायरीत त्याचं चिन्ह चुकलं होतं.
मी पाहिलं.
लगेच बोलले नाही.

हजेरीपुस्तक माझ्या हाताखालून काढून
कुणीतरी पुरं केलं होतं.
शेवटच्या नावाखाली, ओळ आखून,
माझंही नाव. हजर.

मी चष्मा शोधला. घसा खाकरला.
विचारायचं ते विचारायच्या आतच
आयरे मावशींनी वही न थांबवता
निळी प्रत माझ्याकडे सरकवली.